शेजारच्या सीटला ब्रेक नसतो

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलीला अठरा पूर्ण झाली, ड्रायव्हिंग स्कूलचा क्लास संपला, लर्निंग हातात आहे. पक्क्या लायसनआधी घरच्या गाडीवर हात बसावा म्हणून तुम्ही शेजारी बसता. तिसऱ्या दिवशी सायबर चौकात गाडी बंद पडली. तुम्ही ओरडलात, मागच्या सीटवरून तिची आई ओरडली, आणि मुलगी गाडी तिथंच सोडून खाली उतरली. आता म्हणते, बाबांबरोबर गाडीत बसणार नाही. शेवटी एक ओळ जाता जाता लिहिली आहे की धाकट्याला सोळावं लागलंय, त्यालाही मोकळ्या मैदानात थोडं शिकवलं तर चालेल का.

आधी माझं सांगते, म्हणजे हे फक्त तुमच्याच घरात होतंय असं वाटायला नको. कोल्हापुरात चोवीस वर्षं मी चारचाकी शिकवते. बायका, कॉलेजची पोरं, रिटायर झालेले गुरुजी, सगळे येऊन गेले. पण स्वतःच्या मुलाला शिकवायला बसले आणि दुसऱ्याच दिवशी आमचं वाजलं. शेवटी आमच्याच स्कूलमधल्या दुसऱ्या मास्तरांच्या हवाली केला त्याला. कारण नंतर लक्षात आलं. क्लासच्या गाडीत माझ्या पायाखाली क्लच आणि ब्रेक असतो, डबल कंट्रोल म्हणतो आम्ही. त्यामुळं शिकणारा चुकला तरी माझा आवाज चढत नाही, पाय आपलं काम करतो. घरच्या गाडीत पायाखाली नुसतं मॅट. कळंब्याच्या रस्त्यावर मी ते मॅट इतकं दाबलं की घरी आल्यावर पोटरी दुखत होती. जे पायानं करायची सवय ते तोंडानं करायला गेले, आणि तोंडाचा ब्रेक फार उशिरा लागतो.

किती उशिरा, ते मोजून बघा. ताशी ४० किलोमीटरला गाडी सेकंदाला ११ मीटर जाते. तुम्हाला धोका दिसणार, तुम्ही शब्द उच्चारणार, तो तिच्या कानावर पडणार, तिला कळणार, मग पाय ॲक्सिलरेटरवरून ब्रेकवर जाणार. यात अडीच सेकंद सहज जातात. तेवढ्यात गाडी २८ मीटर पुढं गेली, म्हणजे एकामागं एक उभ्या केलेल्या जवळजवळ अडीच एसटी. ब्रेक लागल्यावर गाडी थांबायला लागणारं अंतर आणखी वेगळं. म्हणून कुत्रं आडवं आल्यावर 'अगं ब्रेक!' म्हणण्याचा काही उपयोग नसतो. तिला ते तुमच्याआधी दिसलेलं असतं. तुमच्या ओरडण्यानं फक्त ती दचकते, आणि नवशिका दचकला की पाय आहे तिथंच दाबतो, मग तो ॲक्सिलरेटरवर का असेना.

तेव्हा शेजारी बसणाऱ्यानं बोनेटच्या पुढचे दहा मीटर बघायचेच नाहीत. ते तिचे. तुम्ही शंभर मीटर पुढं बघायचं आणि साध्या आवाजात आधी सांगायचं: 'पुढं शाळा सुटलीय.' 'ती केएमटीची बस थांब्यावर थांबणार बघ.' आवाज चढवायची वेळ आली याचा अर्थ तुम्हीच सांगायला उशीर केला. हे एकदा मान्य केलंत की निम्मी भांडणं तिथंच मिटतात.

काय शब्द वापरायचे हे घरी बसून ठरवा. गंमत वाटेल, पण गाडीत मराठी माणूस जे बोलतो त्यातलं निम्मं शिकणाऱ्याला कळत नाही. 'सोड, सोड!' काय सोडू? क्लच की ब्रेक की स्टिअरिंग? पोरं हमखास क्लच झटक्यात सोडतात आणि गाडी उडी मारून बंद पडते. तुमच्या मुलीची चौकात अशीच पडली असणार. 'क्लच हळू वर' म्हणा. पेडलचं नाव घेतल्याशिवाय 'सोड' नाही आणि 'दाब'ही नाही. दुसरा शब्द 'राईट'. तिनं काही बरोबर केलं की आपण म्हणतो, 'हां, राईट!' माझ्या एका विद्यार्थिनीनं यावर खरंच उजवीकडं स्टिअरिंग फिरवलं होतं. चूक माझी होती. तेव्हापासून गाडीत फक्त 'बरोबर' आणि 'उजवीकडं'. आणि 'सांभाळून', 'बघ, बघ', 'अगं अगं' यांत काहीच माहिती नसते, नुसती भीती असते.

वळायचं असेल तर जागा आधी, दिशा नंतर. 'पुढच्या चौकात, डावीकडं.' उलटं बोललात की 'डावीकडं' ऐकूनच हात वळतो आणि गाडी कुणाच्या तरी बोळात शिरते. एकच शब्द आणीबाणीसाठी राखून ठेवा: 'थांब'. तो ऐकला की प्रश्न न विचारता दोन्ही पाय खाली, क्लच आणि ब्रेक. इतर वेळी तो शब्द वापरायचाच नाही, 'जरा थांब, मी फोन घेतो' असंसुद्धा नाही. रिकाम्या जागेत वीसच्या वेगावर चार-पाच वेळा ठरवून 'थांब' म्हणून बघा. तिचा पाय तयार होतो आणि तुमचाही जीव जरा खाली बसतो.

हँडब्रेकचीही तशीच तालीम करा. दोन सीटच्या मध्ये ओढायचा दांडा असेल तर तुमच्याकडचा खरा ब्रेक तेवढाच. पण तो मागच्या चाकांना लागतो. वेगात असताना झटक्यात ओढला तर मागची चाकं जाम होऊन गाडी फिरते, म्हणून फक्त कमी वेगात, बटण दाबून धरून, हळूहळू. नवीन गाड्यांत दांड्याऐवजी बटणावरचा ब्रेक असतो, तो चालत्या गाडीत कसा वागतो हे गाडीबरोबर आलेल्या पुस्तकात वाचून घ्या. स्टिअरिंगला मात्र हात लावायचा नाही. फारच वेळ आली तर खालच्या बाजूनं बोटभर ढकला, पण पकडू नका. दोघांनी दोन बाजूंना ओढलेलं स्टिअरिंग मी पाहिलंय. गाडी गटारीत होती आणि दोघंही सांगत होते की मी बरोबर ओढत होतो.

काचेला चिकटणारा छोटा जादा आरसा ॲक्सेसरीजच्या दुकानात मिळतो, तो तुमच्या बाजूला लावा. त्याशिवाय मागून काय येतंय ते तुम्हाला कळणार नाही आणि तुम्ही सारखं मान वळवून बघत बसाल. तुमची मान वळली की तिचीही वळते.

आता कायद्याचं, कारण इथं बरेच पालक फसतात. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ प्रमाणं लर्निंगवाल्याच्या शेजारी बसणारा माणूस नुसता प्रवासी नसतो. त्याच्याकडं त्या प्रकारच्या गाडीचं चालू लायसन पाहिजे आणि गाडी थांबवता येईल अशा जागी तो बसलेला पाहिजे. नियमात त्याला शिक्षकच म्हटलंय. म्हणजे तिच्या आईकडं लायसन नसेल तर त्या शेजारी बसून मुलीला भाजी आणायला घेऊन जाऊ शकत नाहीत. गाडीला पुढं आणि मागं पांढऱ्यावर लाल 'एल' पाहिजे. पाटी किमान १८ सेंटीमीटर चौरस, अक्षर किमान १० सेंटीमीटर उंच. वहीच्या कागदावर स्केचपेननं काढून काचेला डकवलेलं ते चालत नाही. लर्निंग सहा महिने चालतं, आणि ते मिळाल्यावर ३० दिवसांच्या आत पक्क्याची परीक्षा देता येत नाही.

आज घरी गेल्यावर स्वतःचं लायसन काढून तारीख बघा. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीआधी काढलेलं खाजगी गाडीचं लायसन २० वर्षं किंवा वयाची पन्नाशी, जे आधी येईल तोवर चालायचं. आमच्याकडं एक बाबा मुलाला घेऊन आले, कागद बघितले तर यांचंच लायसन पन्नासाव्या वाढदिवसाला संपलेलं. आठ महिने ते विनालायसन चालवत होते आणि चार आठवडे मुलाला शिकवत होते. कॉलेजच्या वयाची मुलं असलेल्या आई-वडिलांचं वय नेमकं याच आसपास असतं.

धाकट्याचं उत्तर: नाही. चारचाकीला अठरा म्हणजे अठरा. 'मैदानात' हीसुद्धा पळवाट नाही, कारण लोकांना जिथं जायचा हक्क आहे अशी कुठलीही जागा कायद्यानं सार्वजनिक ठिकाणच आहे, रस्ता असो वा नसो. सोळाव्या वर्षी मिळतं ते ५० सीसीपर्यंतच्या बिनगियरच्या दुचाकीचं. कॉलेजच्या दारात दिसणाऱ्या मोपेडी ११०, १२५ सीसीच्या असतात, त्या त्यात बसत नाहीत. अल्पवयीन मुलानं गाडी चालवताना गुन्हा केला तर २०१९ पासूनच्या कलम १९९ अ खाली पालक किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि मुलाला पंचवीस वर्षांचा होईपर्यंत लायसन नाही. मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरला सतरा वर्षांच्या मुलाच्या गाडीखाली दोन तरुण जीव गेले. त्यानंतर महिनाभर आमच्याकडं चौकशीला येणारे पालक जरा दबक्या आवाजात बोलायचे. आता पुन्हा 'नुसतं सोसायटीत फिरवतो' सुरू झालंय.

मुलीकडं परत येते. तुम्ही लिहिलंय की ती दोन वर्षं मोपेड चालवते, त्यामुळं तिला रस्ता कळतो. अर्धं खरं आहे. वाहतुकीचा अंदाज तिला आहे, पण गाडीच्या रुंदीचा नाही. मोपेडवाली पोरं जागा दिसली की शिरतात, आणि शिरताना डोक्यात मोपेडची रुंदी असते. शिवाय डाव्या बाजूला आपली गाडी कुठं संपते हे उजवीकडं बसून दिसत नाही. नवशिक्यांच्या गाडीला ओरखडे बघा, डाव्या बाजूलाच जास्त. इथं तुमचा खरा उपयोग, कारण तुम्ही त्याच बाजूला बसलाय. एखाद्या भिंतीशेजारून अगदी हळू गाडी न्यायला लावा आणि सांगत राहा: 'हातभर आहे.' 'अजून वीतभर.' मग तिला थांबवून खाली उतरवा आणि स्वतःच्या डोळ्यांनी बघू द्या. तिला वाटतं आता घासणार, आणि प्रत्यक्षात दीड हात जागा असते. दोन-तीन वेळा उतरून बघितलं की बोनेटचा कुठला भाग कुठल्या रेषेवर आला म्हणजे चाक कुठं आहे हे तिचं तिला जमतं. हे समजावून सांगता येत नाही, उतरून बघावंच लागतं.

तिला बोलत चालवायला सांगा. जे दिसतंय ते मोठ्यानं: 'रिक्षा उभी आहे, आत माणूस आहे, उतरेल.' 'समोरच्यानं इंडिकेटर दिलाय पण वळत नाही.' पहिले दोन दिवस तिला लाज वाटेल. पण ती काय बघते आणि काय बघतच नाही हे कळायला दुसरा मार्ग नाही. ती बोलत असली की तुम्हाला बोलायला जागा राहत नाही, हा आणखी एक फायदा.

सराव कुठं करायचा? सगळे सांगतात पहाटे रंकाळ्याला किंवा विद्यापीठाच्या बाजूला जा, रस्ते मोकळे असतात. गाड्यांपासून मोकळे, हो. पण सकाळी सहा ते साडेसात तिथं अख्खं कोल्हापूर चालायला आलेलं असतं, तिघं-तिघं हातात हात घालून, रस्त्याच्या मधून, कानात गाणी. त्यापेक्षा रविवारी दुपारी एक ते तीन बघा. जेवणं करून गाव झोपलेलं असतं. एका वेळी चाळीस मिनिटं पुरे, त्यापुढं लक्ष उडतं, आधी तिचं आणि मग तुमचं. आधी मोकळे रस्ते, मग एकच ठरलेला चौक सहा-सात वेळा, मग राजारामपुरीतली गर्दी. हायवेला तावडे हॉटेलच्या पुढं सध्या नको.

घाटासाठी पन्हाळ्याची वाट चांगली, वाघबीळच्या पुढचा चढ शिकायला पुरेसा आहे. चढावर गाडी उभी राहिली की हँडब्रेक ओढायचा, हाफ क्लचला, म्हणजे क्लच अर्धा वर आला असताना, बोनेट किंचित उचलल्यासारखं वाटलं की मगच तो सोडायचा. मागं गाडी चिकटून उभी असेल तर तुम्ही खिडकीतून हात काढून तिला थांबवा. अरुंद चढावर वर जाणाऱ्या गाडीचा हक्क पहिला, उतरणाऱ्यानं थांबायचं, हे तिला सांगा कारण रस्त्यावरचे बाकीचे तिला सांगणार नाहीत. उतरताना ज्या गियरमध्ये चढलात त्यातच उतरायचं. आता एक विचारते, तुम्ही स्वतः पेट्रोल वाचवायला उतारावर न्यूट्रल करता का? आपल्या पिढीतले बरेच जण करतात. सोडून द्या. आताच्या इंजेक्शनच्या गाड्यांत गियर तसाच ठेवून ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला की इंजिनला जाणारं पेट्रोल बंद होतं. न्यूट्रलला उलट इंजिन चालू ठेवायला पेट्रोल लागतं, आणि इंजिनाचा ब्रेकही हातचा जातो.

रात्रीचं वेगळं लिहिते, कारण आपल्या जिल्ह्यात रात्र म्हणजे उसाचा ट्रॅक्टर. गळीत हंगाम सुरू झाला, साधारण नोव्हेंबर ते मार्च, की दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर कारखान्याच्या वाटेवर रात्रभर चालतात. मागं दिवा असेलच असं नाही. रिफ्लेक्टर असला तर चिखलानं माखलेला. ऊस ट्रॉलीच्या दोन्ही बाजूंना बाहेर आलेला. समोरून येणाऱ्यानं डिपर दिला नाही की डोळे दिपतात, आणि त्याच क्षणी पुढं पंधराच्या वेगानं चाललेली काळी भिंत असते. नवशिक्याला ती शेवटी दिसते. तुम्हाला आधी दिसायला पाहिजे, आणि त्याची खूण रस्त्यावर असते: सांडलेली कांडी, पाचट, चिरडलेल्या उसाचा ओला पट्टा. ताजं सांडलेलं दिसलं की पुढं ट्रॅक्टर आहे असं धरून चला आणि तिला लगेच सांगा. ओव्हरटेक करताना तिला एकच ट्रॉली दिसते, दुसरी पुढं असते आणि तिच्यापुढं ट्रॅक्टर. नवशिकी पहिल्या ट्रॉलीपुढं जागा आहे समजून डावीकडं घ्यायला बघते. म्हणून पहिला हंगाम तिनं मागंच राहायचं, घरी दहा मिनिटं उशिरा पोचायचं. रात्रीचा सराव कारखान्याच्या रस्त्यावर नको, गावातच करा.

आता थोडं कडू. मुलगी तुमच्याकडून गेल्या तीन दिवसांत शिकली नाही, मागच्या सीटवर बसून अठरा वर्षं शिकली आहे. बेल्ट पोलीस दिसल्यावर लावायचा, पेट्रोल पंपापर्यंत राँग साइडनं 'थोडंच' जायचं, सिग्नलला फोन बघायचा. तुम्ही 'इंडिकेटर दे' म्हणालात आणि ती 'तुम्ही तरी कुठं देता?' म्हणाली की तुमचं शिकवणं संपलं. यावर माझ्याकडं एकच उपाय आहे आणि तो बऱ्याच घरांत चालला आहे. आठवडाभर तुम्ही चालवा आणि तिला शेजारी बसवा. तुमच्या चुका तिनं मोठ्यानं सांगायच्या, तुम्ही 'बरोबर' एवढंच म्हणायचं. शेजारी बसून धोका दिसणं आणि हातात काही नसणं म्हणजे काय ते तिलाही कळतं.

तिच्या आईंना मागच्या सीटवर बसवू नका. गाडीत शिकवणारा आवाज एकच पाहिजे. त्यांच्याकडं चालू लायसन असेल तर एक आड एक दिवस त्यांनाच पुढं बसू द्या. माझ्या अनुभवात आया कमी बोलतात. आणि दुसरं, हे तुम्हाला लागेल: मुलगा चौकात गाडी बंद पाडतो तेव्हा बाप म्हणतो, 'हुईल, हुईल.' मुलगी पाडते तेव्हा आवाज निघतो. माझ्याकडून शिकून गेलेल्या कितीतरी मुलींची लायसन्स आज कपाटात आहेत, ओळखपत्र म्हणून झेरॉक्सला तेवढी बाहेर येतात. त्यांना चालवता येत नव्हतं असं नाही. घरच्या गाडीत शेजारी कोण बसलं आणि काय बोललं, तिथं ते अडलं.

चौकात गाडी बंद पडली की शेजारच्यानं करायचं एवढंच: हात बाहेर काढून मागच्यांना थांबवायचं, आणि सावकाश म्हणायचं, 'हँडब्रेक. न्यूट्रल. चालू कर.' हॉर्न वाजवणाऱ्यांचं मनावर घ्यायचं नाही, त्यांचीही कधीतरी बंद पडली होती. चुकीची चर्चा गाडी चालू असताना नाही, घरी चहा घेताना, आणि पहिला प्रश्न तिला: 'तुला काय वाटलं, काय झालं?' बहुतेक वेळा तिला माहीत असतं.

पण त्याआधी तिला परत गाडीत बसवायचं आहे. तुमच्या जागी मी असते तर असं केलं असतं: किल्ली तिच्या हातात देऊन सांगितलं असतं की त्या दिवशी मी उशिरा ओरडलो, चूक माझी. रविवारी दीड वाजता, फक्त वीस मिनिटं, रस्ता तू ठरव, आई घरी. वाटेत मी 'बरोबर', 'उजवीकडं', 'डावीकडं' आणि लागलंच तर 'थांब' एवढंच बोलणार. पाचवा शब्द निघाला तर येताना राजाभाऊंची भेळ माझ्याकडून. पहिल्या रविवारी भेळेचे पैसे बरोबर ठेवा, लागतील.